दोन्ही हात मोकळे

डिंडोलीतल्या घरांना काम परकं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेत आलेली असंख्य खानदेशी कुटुंबं इथे आणि शेजारच्या लिंबायत-उधना पट्ट्यात राहतात. घर आणि कारखाना यांच्यातली भिंत इथे पातळच आहे. माणसं मिलमध्ये, मार्केटात गेली की मागे घरात साड्यांचे धागे कापले जातात, टिकल्या चिकटवल्या जातात; सुरतेत ठिकठिकाणी खाटलीवर जरीचं भरतकामही चालतं. ती खाटली नीट पाहावी. पायांवर उभी आडवी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं कापड. कापड धरायला हात लागत नाही, म्हणूनच एक हात वरून आरी चालवू शकतो आणि दुसरा खालून धागा पुरवू शकतो. घरच्या घरी सायकल दुरुस्त करायची असेल, तर पान्यांचा संच घेण्याआधी सायकल उचलून धरणारा स्टँड उभा करावा, असं मी आग्रहाने म्हणतो ते याच कारणासाठी. धरण्याचं काम लोखंडाकडे गेलं, की पाहण्याचं आणि करण्याचं काम माणसाला पुरतं करता येतं.

आपल्याकडे सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करतात. पंक्चरपुरतं ते चालतं. पण 28 इंची चाकांची, रॉड ब्रेकची, वीस किलोच्या आसपास वजनाची साधी काळी सायकल उलटी केली की तिचा भार ब्रेकच्या दांड्यांवर आणि घंटीवर येतो, आणि दुरुस्तीला काढलेली सायकल दुरुस्तीतच बिघडते. शिवाय माणूस उकिडवा बसतो, मान खाली घालतो, आणि दहा मिनिटांत ‘होऊन जाईल’ म्हणत उठतो. निम्म्या अर्धवट दुरुस्त्यांचं कारण मला अज्ञानापेक्षा ही पाठच वाटते. स्टँडवर चाक छातीच्या उंचीला येतं. फोर्कच्या चिमट्याजवळ खडू टेकवून चाक हळू फिरवलं, की रिम जिथे बाहेर आली आहे तिथेच खूण उमटते. मग त्या बाजूच्या तारा किंचित ढिल्या आणि समोरच्या बाजूच्या किंचित घट्ट, एका वेळी निपलचा पाव फेरा, याहून जास्त नाही. चेनचंही तसंच. पॅडल सावकाश फिरवलं तर एका जागी चेन ताठ होते आणि दुसऱ्या जागी सैल पडते. ताण ठरवायचा तो ताठ जागेवर, तिथे अर्धा इंच हालचाल राहील असा. सैल जागेवर ठरवला तर पुढे चेन आणि छर्रे दोन्ही झिजतात. हे पाहायला चाक अधांतरी हवं आणि डोळा त्याच्या समोर हवा.

यावर पहिला आक्षेप जागेचा, आणि तो खरा आहे. भाड्याच्या एका खोलीत तिपाई स्टँड कुठे मांडायचा? पण स्टँड म्हणजे तिपाईच असली पाहिजे असं नाही. स्लॅबमधल्या दोन पक्क्या हुकांना दोर बांधून एक सीटखाली आणि एक हँडलला अडकवला, तरी सायकल टांगली जाते; रस्त्याकडेचे मिस्त्री झाडाच्या फांदीवर हेच करतात. रो-हाऊसच्या ओट्यावर भिंतीत बोल्ट मारून दुमडणारा हातही बसतो. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: नाक्यावरच्या मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. मला तसं वाटत नाही. बारा तासांची पाळी करून परतणाऱ्याला ते दुकान बहुधा बंदच सापडतं, त्यामुळे सैल ब्रेक आठवडाभर तसाच चालतो. घरी तेलपाणी आणि ताण सांभाळला गेला, तर मिस्त्रीकडे त्याच्या कसबाचं काम जाईल, चाक नव्याने बांधण्याचं. तिसरा आक्षेप असा, की सायकल आता उरली कुठे? अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, हे खरं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्या घरांत सायकल आढळली. ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही, त्यांची पाळी या चेनवरच अवलंबून आहे.

स्टँड बनवताना सायकल पकडणारा त्याचा चिमटा सीटच्या दांड्याला धरेल असाच करून घ्यावा. फ्रेमच्या नळीला आवळला तर रंग जातो आणि पातळ नळी चेपते. जबड्यात जुन्या ट्यूबचे तुकडे घालावेत, बूड जड ठेवावं. स्टँडची मर्यादाही ओळखावी: कॉटर पिन हातोडीने काढायची असेल तर सायकल खाली घ्यावी आणि क्रँकखाली लोखंडी नळीचा टेका द्यावा, नाहीतर घाव थेट आतल्या छर्‍यांवर बसतो. आणि पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी गल्लीत शिरून ओसरलं, की बुडालेली सायकल आधी स्टँडवर चढवावी, दोन्ही चाकं सोडवावीत, हब उघडून छर्रे रॉकेलमध्ये धुवावेत आणि नवं ग्रीस भरावं. गंज आठवडाभरही थांबत नाही.