हिवाळ्यातला हौद

मुलांनो, तुमच्या अंगणात हौद आहे का? आमच्या निफाडच्या घरी आहे. त्यात एका मोठ्या कुंडीत कमळ लावले आहे. पाण्यात गप्पी मासे आहेत. ते डासांच्या अळ्या खातात.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. एखाद्या वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी आपण गोधडी काढतो. पण हौदाने काय करावे?

मी आठवीत होते. दिवाळीनंतर कमळाची पाने पिवळी पडू लागली. आजी म्हणाली, "हौद जरा साफ कर." मला फार उत्साह! मी सगळे पाणी उपसले. हौद घासून चकचकीत केला. कमळाचे सगळे देठ बुडापासून कापले. मग नळाचे थंडगार पाणी भरून मासे परत सोडले. संध्याकाळपर्यंत मासे मरून पाण्यावर तरंगू लागले. मार्च संपला, तरी कमळाला पान फुटले नाही. कुंडीत हात घातला, तर कंद कुजलेला. ते कमळ आजोबांनी लावलेले होते. आजोबा तेव्हा नव्हते.

आजी एवढेच म्हणाली, "तुला घर झाडायला सांगितलं होतं, पाडायला नाही."

माझे काय चुकले? कमळाचा देठ आतून पोकळ असतो. त्यातून चिखलातल्या कंदाला हवा मिळते. देठ पाण्याखाली कापला, की त्याच वाटेने पाणी आत शिरते आणि कंद कुजतो. म्हणून आता मी फक्त वाळलेली पाने काढते, तीही पाण्याच्या वर वीतभर देठ ठेवून. हिवाळ्यात कंद झोपलेला असतो, म्हणून खत देत नाही. हौद मात्र काठोकाठ भरून ठेवते. जास्त पाणी सावकाश थंड होते.

माशांचेही तसेच. पाणी गार झाले, की त्यांचे पचन मंदावते. उरलेले खाणे कुजते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणून चिमूटभरच टाकावे, तेही दुपारी. पाणी बदलायचे तर फार तर चौथा हिस्सा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते बादलीत एक दिवस उन्हात ठेवावे. शेजारच्या बदामाची लाल पाने हौदात पडू नयेत, म्हणून मी वर जुनी मच्छरदाणी बांधते. पाहुणे हसतात. हसू द्या!

पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आजोबांनी पूर्वी शेजारच्या काकूंना त्याच कमळाच्या कंदाचा तुकडा दिला होता. काकूंनी त्यांच्या कुंडीतला एक तुकडा आम्हांला परत दिला. पुढचा हिवाळा मी हौदाजवळ भीत भीतच काढला. मार्च महिन्यात एका सकाळी पाण्यावर पानाची हिरवी सुरळी दिसली. मी आजीला हाताला धरून आणले. तिने चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि म्हणाली, "आता याला हात लावू नकोस."