वाईचा शेजार

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघून खंबाटकीचा घाट ओलांडला, कीं थोड्याच वेळांत सुरूरचा फांटा लागतो. तेथें महामार्ग सोडून उजवीकडे वळलें, म्हणजे दोहों बाजूंस उंसाचीं शेतें आणि समोर पांडवगडाचा डोंगर दिसूं लागतो. आणि पुण्यापासून सुमारें ९० किलोमीटरांवर कृष्णाकांठीं वसलेलें वाई हें गांव येतें. गेल्या मार्गशीर्षाच्या प्रारंभीं आम्ही उभयतां येथें दीड महिन्याच्या मुक्कामास आलों, तें केवळ देवदर्शनाकरितां नव्हे. पत्नीचें मोठें दुखणें नुकतेंच सरलें होतें, आणि डॉक्टरांनीं औषधांच्या यादीच्या शेवटीं 'झोप' असा एकच शब्द लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्या होत्या. पुण्यांत आमच्या घरासमोर रात्रंदिवस बांधकाम चाललें असल्यामुळें तें औषध तेथें मिळण्यासारखें नव्हतें. तें वाईस मिळेल, अशी आमची खात्री होती.

तशी खात्री वाटण्याजोगेंच हें गांव आहे. नदीच्या कांठानें एकामागून एक दगडी घाट आहेत आणि त्या त्या घाटाच्या नांवानें आळ्या वसल्या आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, रामडोह हीं नांवें नुसतीं उच्चारलीं तरी मन शांत होतें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधलेलें ढोल्या गणपतीचें मंदिर घाटावरच आहे. पुराचें पाणी आदळून दोहों बाजूंस वाटून जावें, म्हणून त्याची मागील भिंत माशाच्या शरीराप्रमाणें निमुळती बांधली आहे. प्राज्ञपाठशाळा येथलीच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें प्रचंड काम उभें केलें तेंही येथेंच. तीनएक किलोमीटरांवर मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि त्याच्या घाटावर वसईच्या मोहिमेंतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ज्या गांवांत शास्त्रें लिहिलीं गेलीं आणि कोश रचले गेले, तेथें मनुष्यास सुखानें झोंप लागावी, एवढी अपेक्षा कांहीं फार नव्हती.

एका जुन्या वाड्याच्या माडीवरील दोन खोल्या आम्हांस मिळाल्या होत्या. खिडकी उघडली कीं पलीकडे नदीचें पात्र आणि अलीकडे बोळ. दिवस आनंदांत गेला. रात्रीं दहाच्या सुमारास दिवे मालवले, आणि शेजारच्या वाड्याच्या दारांत कुत्रा भुंकूं लागला.

कुत्रा भुंकणें यांत नवल तें काय? वाटसरू दिसला, चोराची चाहूल लागली, कीं त्यानें भुंकावें हा त्याचा धर्मच आहे. परंतु हें भुंकणें तसें नव्हतें. त्यांत राग नव्हता, कीं सावधगिरी नव्हती. चार श्वासांनीं एक, पुन्हां चार श्वासांनीं एक, असें तें घड्याळाच्या ठोक्यासारखें चालूं राही. आतां थांबलें असें वाटून डोळा लागावा, तोंच पुन्हां सुरू होई. पहाटे तीनपर्यंत आम्ही दोघेंही आढ्याकडे पाहत पडलों होतों. दुसऱ्या रात्रीं तेंच; तिसऱ्या रात्रीं मीं खिडकींतून ओरडून पाहिलें, तर त्यास कोणी साथीदार मिळाल्यासारखें होऊन तो दुप्पट जोमानें भुंकूं लागला. चौथ्या दिवशीं सकाळीं पत्नीचा चेहरा पाहिला आणि परत जावें कीं काय, असा विचार माझ्या मनांत आला.

घरमालकांना विचारलें, तर त्यांनीं हात जोडले. म्हणाले, "तेवढा विषय काढूं नका. वर्ष होत आलें. पलीकडचे गुरुजी मोठे विद्वान् गृहस्थ. पण रात्रभर कुत्रा भुंकतो आणि यांना त्याचें कांहींच वाटत नाहीं. पूर्वीं आमचें जाणें-येणें होतें. आतां आम्हीं तें बंद केलें आहे." कोणी त्यांच्याशीं स्पष्ट बोललें आहे काय, असें मीं विचारलें. "त्यांना काय कळत नाहीं?" एवढेंच उत्तर मिळालें. आळींत इतरत्रही हेंच ऐकूं आलें. कोणी जाणें सोडलें होतें, कोणी हळदीकुंकवाचें बोलावणें सोडलें होतें. कारण मात्र कोणीही सांगितलें नव्हतें.

मी तापट मनुष्य आहें. त्याच दुपारीं कागद घेऊन तक्रारअर्ज लिहावयास बसलों. अर्जास कायद्याचा आधार असावा, म्हणून शोध केला. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे २००० सालचे नियम सांपडले. त्यांत निवासी भागाकरितां दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली असून रात्र म्हणजे दहा ते सहा, असें स्पष्ट म्हटलें आहे. मला समाधान वाटलें. मग कुत्र्यासंबंधीं आणखी कांहीं मिळतें काय म्हणून प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा काढला. त्याच्या अकराव्या कलमांत निरनिराळ्या क्रूरतांची यादी आहे. प्राण्यास फार आंखूड किंवा फार जड साखळीनें अवाजवी काळ बांधून ठेवणें ही तींतील एक. आणि नेहमीं साखळीस बांधलेल्या कुत्र्यास वाजवी फिरविण्याची हयगय करणें ही तिच्या लगोलगची दुसरी. मी माझ्या बाजूचा कायदा शोधावयास गेलों होतों, आणि हातीं लागला तो कुत्र्याच्या बाजूचा.

पत्नीनें अर्ज वाचला आणि म्हणाली, "अहो, हा पाठवायचा तर पाठवा; पण आधीं तो केव्हां भुंकतो आणि केव्हां भुंकत नाहीं, तें तरी चार दिवस लिहून ठेवूं." तसेंही जागेंच राहावयाचें होतें. आम्हीं वही केली. चार दिवसांनीं ती वाचतांना कांहीं गोष्टी ध्यानांत आल्या. सकाळीं दोन तास शेजारचे वृद्ध गृहस्थ ओसरीवर पोथी वाचीत बसत, तेवढा वेळ कुत्रा त्यांच्या आवाजाकडे कान लावून गप्प बसलेला असे. बोळांतून मोटारसायकल गेली, कीं तो साखळी ताणून धांवे आणि दोन हातांवर अडखळून मागें पडे. आणि गुरुजींच्या खोलींतील दिवा मालवला, कीं पांच मिनिटांच्या आंत त्याचें तें एकसुरी भुंकणें सुरू होई. पत्नी म्हणाली, "हा राखण करीत नाहीं. हा कोणाला तरी हांक मारतो आहे."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी शेजारच्या ओसरीवर गेलों. अर्ज खिशांतच होता. गुरुजींनीं पोथी मिटली, मोठ्या अगत्यानें सतरंजी पुढें केली, आणि मीं नमस्कार करून कोठें उतरलों आहें तें सांगतांच कानाशीं हात नेऊन म्हणाले, "जरा थांबा हं, यंत्र लावतों." त्यांनीं पंचाच्या गांठींतून श्रवणयंत्र काढून कानांत बसविलें. मी पाहतच राहिलों. ज्यावर सारी आळी वर्षभर रुसून बसली होती, तें भुंकणें या गृहस्थांनीं एकदांही ऐकलें नव्हतें! झोंपतांना यंत्र काढलें, कीं उशाशीं ढोल वाजला तरी त्यांस ऐकूं येत नसे.

मीं शक्य तितक्या सौम्य शब्दांत सर्व सांगितलें. ते बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणून येत नाहींत होय कोणी? मला वाटलें, ही गेली. घरांत बाईमाणूस नाहीं, म्हणून माणसांनीं येणें सोडलें असेल." पत्नी वारल्यास त्यांना वर्ष झालें होतें. मोत्या हा कुत्रा मुलाचा. मुलगा रोज पहाटे त्यास घाटावर नेई, नदींत पोहवी, रात्रीं स्वतःच्या खाटेखालीं निजवी. मुलास परगांवीं नोकरी लागली. गुरुजींचे गुडघे धरलेले. म्हणून कुत्रा दारांत बांधला गेला तो बांधलेलाच राहिला. खाण्यापिण्यास कांहीं कमी नव्हतें. कमी होती ती सोबत.

गुरुजी पूर्वीं संस्कृत शिकवीत. बोलतां बोलतां म्हणाले, "महाभारताचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालला तो कुत्रा. पण आरंभींही कुत्राच आहे. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पिल्लूं आलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, चाटलें तर नव्हतेंच; तरी राजाच्या भावांनीं त्यास मारलें. सरमा विचारावयास आली, कीं याचा अपराध काय? त्यांनीं उत्तरच दिलें नाहीं. मग तिनें शाप दिला. मी मुलांना शिकवितांना सांगत असें, कीं मारणें हा दोष खराच. पण विचारल्यावर गप्प राहणें हा त्याहून मोठा." मग मोत्याकडे पाहून म्हणाले, "आणि हा माझ्याच दारांत वर्षभर विचारतो आहे!"

मीं खिशांतील अर्ज बाहेर काढलाच नाहीं.

पुढें आम्हीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. कारण असा शेजार पुष्कळ वाचकांच्या नशिबीं असेल. प्रथम पशुवैद्यांस बोलावलें; कारण दुखणें असल्यासही जनावर असें भुंकतें. त्याचा एक कान आंतून चिडलेला निघाला. आठवडाभर औषध घातलें. त्यानंतर जागा बदलली. दारांतून सारा बोळ दिसत असे, आणि ये-जा करणाऱ्या प्रत्येकावर भुंकलें कीं तो मनुष्य निघून जाई. आपल्या भुंकण्यानेंच तो गेला, असें कुत्र्यास वाटून ती संवय पक्की झाली होती. दिवसा त्यास मागील परसांत मोकळें सोडलें, आणि फाटकाच्या गजांस आंतून गोणपाट लावलें. रात्रीं गुरुजींच्या खोलीच्या उंबऱ्याशीं जुनी घोंगडी घालून तेथें निजविलें. रोज पहाटे मी त्यास घाटावर नेऊं लागलों. डॉक्टरांनीं पत्नीस चालावयास सांगितलेंच होतें, तीही बरोबर येऊं लागली. तो भुंकला तर कोणीं ओरडावयाचें नाहीं, आणि गप्प बसला कीं भाकरीचा तुकडा द्यावयाचा, असा नेम ठेवला. मारणें तर दूरच. भीतीनें कुत्रा अधिकच भुंकतो.

हें सारें एका दिवसांत साधलें असें मात्र समजूं नये. पहिल्या आठवड्यांत फारसा फरक दिसला नाहीं. दोनदां तर भुंकणें वाढल्यासारखेंच वाटलें. दुसऱ्या आठवड्यांत मध्यरात्रीनंतर शांतता मिळूं लागली. तिसऱ्या आठवड्यांत एके सकाळीं उन्हें खिडकींत आलीं, तरी पत्नी झोंपलेलीच होती. मी चहाचें आधण ठेवून, पावलांचा आवाज न करतां, माडीवर येरझारा घालीत राहिलों. त्या दुखण्यानंतर ती प्रथमच इतकी झोंपली होती.

आमच्या घरमालकांना मीं यंत्राची गोष्ट सांगितली, तेव्हां ते खालीं मान घालून बसले. त्या संध्याकाळीं ते स्वतः गुरुजींकडे गेले आणि रात्रीं जेवणवेळ टळून गेल्यावर परतले. आम्हीं गेल्यावर मोत्यास घाटावर कोण नेणार, हा प्रश्न होता. तो घरमालकांच्या नातवानें आपण होऊन पत्करला.

संक्रांत करून आम्ही परत निघालों. त्या दिवशीं आळींतील बायकामुलें तिळगुळाच्या वाट्या घेऊन गुरुजींच्या ओसरीवर येत-जात होतीं, आणि ते यंत्र लावून दारांतच बसले होते. मोत्यानें येणाऱ्या प्रत्येकावर एकेकदां भुंकून घेतलें. कोणीं तरी, "गोड बोल रे!" असें म्हणून त्याच्यापुढें गुळपोळीचा तुकडा टाकला. मोटार बोळांतून वळली तेव्हां त्याचें भुंकणें पुन्हां ऐकूं आलें. तें आमच्याकरितां होतें, असें पत्नीचें म्हणणें आहे. आणि मीं त्यास हरकत घेतलेली नाहीं.