चौघांचा एक सूर

मोठ्या वाद्यवृंदात शंभर वादक असले, तरी त्यांची जबाबदारी एका माणसाच्या शिरावर असते. संचालक आपली छडी उचलतो आणि शंभर हात एकदम चालू लागतात. एकट्याने वाजवणाऱ्या कलावंताची गोष्ट निराळी. तो आपल्या मनाचा राजा असतो. पाश्चात्त्य संगीतात या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे. त्याला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. आपल्याकडील बैठकीच्या गाण्याप्रमाणे हे संगीत मूळचे दिवाणखान्यातले; थोड्या वादकांनी थोड्या रसिकांपुढे वाजवायचे. त्यातला सर्वांत मान्यता पावलेला मेळ म्हणजे ‘क्वार्टेट’. त्यात दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चार वाद्ये असतात. व्हिओला व्हायोलिनसारखाच दिसतो, पण तो थोडा मोठा व खालच्या सुराचा असतो. चेलो त्याहून पुष्कळ मोठा. तो खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरावा लागतो. प्रत्येक वाद्याला वादक एकच. एखादा चुकला, तर त्याची चूक झाकायला दुसरा कोणी नाही. आणि खूण करायला संचालकही नाही.

अशा वादकाने आपला चरितार्थ कसा चालवावा? या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर बदलत गेले आहे. हायडन हा थोर संगीतरचनाकार १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीस लागला. तेथील वादकांना घराण्याने नेमून दिलेला पोशाख चढवूनच वाद्य हाती घ्यावे लागे. चाकरी होती, पण वेतन निश्चित होते. पुढे सरदारांचा आश्रय सरला आणि वादकाला तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर विसंबावे लागले. आज कोणी दिवसा संगीत विद्यालयात शिकवतो व सायंकाळी मैफल करतो; कोणी मोठ्या वाद्यवृंदात नोकरी करून उरलेल्या वेळात चौघांचा मेळ जमवतो; कोणी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी वाजवून घर चालवतो. सारे आयुष्य एकाच क्वार्टेटला वाहून घेणे फारच थोड्यांना साधते. लंडनमधील ‘अमाडेउस क्वार्टेट’च्या चौघांना ते साधले, पण ते सहजासहजी नव्हे.

या चौघांपैकी तिघे व्हिएन्नात संगीत शिकत मोठे झालेले. नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमुंड निसेल आणि पीटर शिडलॉफ ही त्यांची नावे. तिघेही ज्यू, आणि तिघांचेही वाद्य व्हायोलिन. १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा ज्यू लोकांना तेथे जगणे अशक्य झाले. हे तिघे घरदार सोडून इंग्लंडच्या आश्रयास आले. परंतु दैवाचा खेळ असा, की १९४० मध्ये युद्ध भडकताच इंग्लंडच्या सरकारने शत्रुदेशातून आलेले परकीय म्हणून अशा हजारो निर्वासितांना छावण्यांत स्थानबद्ध केले. हिटलरपासून जीव वाचवून आलेली ही सतरा-अठरा वर्षांची मुले काटेरी तारांच्या आड पडली!

पण त्या तारांच्या आडच त्यांचे मैत्र जुळले. श्रॉपशर परगण्यातील एका छावणीत ब्रेनिन व शिडलॉफ यांची गाठ पडली. पुढे शिडलॉफला मॅन बेटावरील छावणीत हलवण्यात आले. तेथे त्याला निसेल भेटला. त्या छावण्यांत अनेक विद्वान आणि कलावंत होते. त्यामुळे स्थानबद्धतेतही व्याख्याने होत व मैफली झडत. सुटका झाल्यावर या तरुणांना मॅक्स रोस्टाल नावाचा गुरू लाभला. रोस्टाल स्वतःही निर्वासितच. शिष्यांजवळ पैसे नाहीत हे जाणून त्याने त्यांना विनामूल्य विद्यादान केले. युद्धकाळात ब्रेनिनला कारखान्यात यंत्रांचे काम करावे लागले. तरीही त्याचा रियाज सुटला नाही. पुढे मार्टिन लव्हेट हा लंडनचाच तरुण चेलोवादक त्यांना येऊन मिळाला आणि मेळ जमण्याची वेळ आली.

मात्र येथे एक अडचण उभी राहिली. क्वार्टेटला व्हायोलिनवादक हवेत दोन, आणि येथे तर होते तीन! व्हिओला वाजवणारा कोणीच नव्हता. शेवटी शिडलॉफने व्हिओला हाती घेतला. वरवर पाहता ही गोष्ट लहान वाटेल. पण वादकाला ती लहान नसते. व्हिओलाची स्वरलिपी निराळ्या खुणेने लिहिलेली असते, बोटांना अधिक ताण द्यावा लागतो आणि धनुकलीवरचा भारही नव्याने शिकावा लागतो. शिवाय लोकांचे कान बहुधा पहिल्या व्हायोलिनच्या उंच सुराकडे लागलेले असतात. व्हिओला मध्ये राहून मेळ भरून काढतो. पण शिडलॉफने एकदा पत्करलेले काम आयुष्यभर मनापासून केले. पुढे त्याच्या हाती स्ट्रॅडिव्हारी या इटालियन कारागिराने १७१९ मध्ये घडवलेला दुर्मीळ व्हिओला आला, आणि त्या वाद्याच्या श्रेष्ठ वादकांत त्याची गणना होऊ लागली.

१९४७ मध्ये या चौघांनी आपली पहिली मैफल केली. पुढच्या मैफलीसाठी लंडनमधील प्रसिद्ध विगमोर हॉल भाड्याने घ्यायचा, तर पैसा कोठून आणावा? संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांची कन्या इमोजेन होल्स्ट हिने त्यांचे वादन ऐकले होते. तिने तो भार उचलला. १० जानेवारी १९४८ रोजी ही मैफल झाली. मोत्सार्टच्या नावातील ‘अमाडेउस’ हा शब्द त्यांनी आपल्या मेळाला घेतला होता. मोत्सार्टचे पहिले नाव वोल्फगांग. त्यावरून मित्रमंडळी थट्टेने त्यांना ‘वुल्फ गँग’, म्हणजे लांडग्यांची टोळी, म्हणू लागली.

त्यानंतरची चाळीस वर्षे ही टोळी जगभर हिंडली. आगगाडी, विमान, परके गाव, तालीम, मैफल आणि पुन्हा प्रवास, असा त्यांचा क्रम असे. कार्यक्रम ठरवणे, पत्रव्यवहार आणि हिशेब ही कामे निसेल सांभाळी. त्यांनी हायडन, मोत्सार्ट व बेटहोवेन यांच्या रचनांच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका काढल्या. जर्मनीतील कलोन शहरी आणि लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत नव्या पिढीला शिकवले. तालमीत मतभेद होत नसत असे नाही. एखादा स्वर किती लांबवावा, यावरून चार शहाण्यांची चार मते होणारच! पण सायंकाळी श्रोत्यांपुढे बसल्यावर चौघांना एकाच मताने वाजवावे लागे. आपला सूर लावताना उरलेल्या तिघांचा सूर ऐकत राहणे, हीच या कलेची खरी साधना होय.

इंग्रज संगीतरचनाकार बेंजामिन ब्रिट्टन याने आपली तिसरी क्वार्टेट-रचना १९७५ मध्ये या चौघांसाठी लिहिली. तो तेव्हा हृदयविकाराने जर्जर झाला होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात चौघांनी त्याच्या घरी जाऊन ती त्याला वाजवून दाखवली. १९ डिसेंबर १९७६ रोजी ती लोकांपुढे प्रथम सादर झाली. परंतु त्याआधी पंधराच दिवस ब्रिट्टनने इहलोकाचा निरोप घेतला होता.

क्वार्टेटमधला एखादा वादक गेला, तर त्याच्या जागी दुसरा घेण्याची प्रथा आहे आणि तीत काही गैर नाही. १९१७ मध्ये हंगेरीत स्थापन झालेल्या ‘बुडापेस्ट क्वार्टेट’मध्ये वादक असे बदलत गेले, की पुढे त्यात एकही हंगेरियन उरला नाही; चौघेही रशियाचे! तरीही त्या मेळाची कीर्ती उणी झाली नाही. अमाडेउसच्या वाट्याला हा प्रश्न ऑगस्ट १९८७ मध्ये आला. पीटर शिडलॉफ अचानक निवर्तला. कुशल व्हिओलावादकांची वाण नव्हती, मैफलींना मागणीही होती. पण उरलेल्या तिघांनी दुसरा वादक घेतला नाही. त्यांनी क्वार्टेटच थांबवला. त्यांचे संगीत मात्र थांबले नाही. ब्रेनिन, निसेल आणि लव्हेट पुढेही शिकवत राहिले, आणि अनेक तरुण वादकांना चौघांत वाजवण्याची विद्या त्यांनी दिली.

मधल्या सुरात राहणारा वादक श्रोत्यांच्या नजरेत चटकन भरत नाही. त्याची जागा केवढी होती, हे त्याच्या शेजारी चाळीस वर्षे बसलेल्या तिघांनाच पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी ती रिकामीच ठेवली.