खडकाची साक्ष

पैठण तालुक्यातील ज्या गावी मी अध्यापन करीत असे, त्या गावच्या शिवारात उन्हाळा लागला की नव्या विहिरींची खोदकामे निघत. आणि वरचा मुरूम संपून सच्छिद्र मांजऱ्या खडक फुटू लागला म्हणजे काठावरच्या डबराच्या ढिगात पांढऱ्या, तांबूस, क्वचित निळसर झाक असलेल्या गारगोट्या उन्हात चमकू लागत. मुले त्या खिशात भरून शाळेत आणीत आणि जिवापाड जपत. भूगोल, गणित, इतिहास, विज्ञान असे जे ज्ञान आम्ही वेळापत्रकाच्या निरनिराळ्या रकान्यांत वाटून देतो, ते सारे या मुलांच्या खिशात एकत्रच नांदत आहे, हे जसजसे ध्यानात येऊ लागले, तसतसा रत्नशोधाचा हा उपक्रम माझ्या मनात आकार घेऊ लागला.

शेतमालकाची संमती आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन सहावी-सातवीची मुले ढिगावर नेली. विहिरीच्या काठाकडे कोणी फिरकावयाचे नाही आणि हातोडी माझ्याखेरीज कोणी चालवावयाची नाही, एवढे दोन दंडक घालून दिले. सापडलेल्या प्रत्येक खड्याची नोंद कचेरीतील बारनिशीप्रमाणे करावयाची होती: अनुक्रमांक, स्थळ, वजन आणि वर्णन. पहिल्या दिवशी वर्णनाच्या रकान्यात बहुतेकांनी ‘सुंदर खडा’ असे लिहिले. मी सारे खडे एका घमेल्यात एकत्र केले आणि केवळ नोंदीवरून दुसऱ्याचा खडा शोधून काढण्यास सांगितले, तेव्हा एकालाही ते साधले नाही. त्यानंतर ‘एका बाजूस सपाट, कडेला वीटकरी रंगाचा बारीक पट्टा, मधोमध साखरेसारखे कण’ अशी वाक्ये आपोआप उतरू लागली. नेमके लिहिण्याची निकड इतक्या स्वच्छपणे निबंधाच्या तासालाही मुलांना कधी जाणवली नव्हती.

एक अकीक मी त्यांच्यासमोर फोडला. आत एकात एक बसलेली वलये होती आणि गाभ्यात इवल्या स्फटिकांनी वेढलेली पोकळी. झाडाच्या बुंध्यातील वलयांप्रमाणे हीही बाहेरच्या बाजूने वाढत गेली असावीत, असे बहुतेकांचे मत पडले, परंतु एका मुलाने त्या पोकळीवर बोट ठेवून विचारले, “गुरुजी, थर बाहेरून बसत गेले असते तर मधेच जागा रिकामी कशी राहिली असती?” त्याचा तर्क यथार्थ होता. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले; ते थिजताना आत कोंडलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी खडकात पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका भिंतींवर थराथराने साचत आत आत सरकत गेली. म्हणजे अकिकाचे सर्वांत जुने वलय बाहेरचे आणि सर्वांत नवे गाभ्याजवळचे. हा क्रम त्या मुलाने खड्याच्या साक्षीवरून सिद्ध केला होता. मला फक्त त्याला दुजोरा द्यावयाचा होता.

एका मुलीला पाण्यासारखा नितळ खडा सापडला होता. तो काचेवर ओरखडा उठवीत असे, म्हणून तो हिराच, अशी तिची खात्री झाली होती. काचेवर ओरखडा गारेचा स्फटिकही उठवतो, एवढेच मी सांगितले आणि निवाडा तराजूवर सोपविला. खडा दोऱ्याने टांगून तोलला, तो 53 ग्रॅम भरला. पाण्यात बुडवून तोलला, तेव्हा 33. घटलेले 20 ग्रॅम म्हणजे खड्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन, आणि 53 ला 20 ने भागले की 2.65 येतात. हिऱ्याची घनता 3.5 हून अधिक, गारेची नेमकी 2.65. तिने तो भागाकार पुन्हा करून पाहिला, पुन्हा तेच उत्तर आले, आणि मग नोंदवहीत तिने स्वतःच ‘स्फटिक, गारेचा’ असे लिहून त्याखाली सारे गणित मांडले. हिरा हातचा गेल्याचे दुःख तिच्या मुद्रेवर मला दिसले नाही. स्वतः शोधलेल्या उत्तराचे समाधान मात्र निश्चित होते.

इतिहासाच्या तासाला हीच खडे-मंडळी पुन्हा बाकावर आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात, पैठणहून भडोचच्या बंदरास अकिकाच्या जातीचे पट्टेदार पाषाण गाड्यांतून जात, असा उल्लेख आहे, आणि पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. मुलांनी नकाशावर दोरा धरून सरळ अंतर मोजले. ते सुमारे 350 किलोमीटर भरले. वीस दिवसांनी भागिले असता रोजची मजल साडेसतरा किलोमीटर येते. वाटेतील डोंगर आणि नद्या, रस्त्याची वळणे आणि बैलांची चाल ध्यानात घेता हा हिशेब पटण्याजोगा आहे की नाही, यावर वर्गात जो वादविवाद झाला, त्यात गाडीवानांची मुले अग्रभागी होती, कारण बैल दिवसाकाठी किती चालतो हे त्यांना घरच्या अनुभवाने ठाऊक होते. आपल्याच शिवारातील दगड कधीकाळी सातासमुद्रापार विकला जात होता, या जाणिवेने त्या मुलांच्या माना ताठ झालेल्या मी पाहिल्या आहेत.

शिक्षक सांगतो म्हणून खरे, पुस्तकात छापले म्हणून खरे, या सवयीने वाढलेल्या मुलाला आपल्या विधानाचा पुरावा स्वतःच्या हातांनी मांडता येतो, हा अनुभव शालेय वयातच आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पदवी पाहून किंवा वय पाहून दगड आपले उत्तर बदलीत नाही. मुख्याध्यापकांनी तोलला तरी 2.65 आणि सहावीतल्या मुलीने तोलला तरी तेच. यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक तराजू, एक काचेचा तुकडा, दोरा, पाण्याचे भांडे आणि एक वही. महाराष्ट्राचा फार मोठा भूभाग लाव्हारस थिजून झालेल्या याच काळ्या पाषाणावर वसलेला आहे. तेव्हा माझ्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी एखाद्या दिवशी वेळापत्रक बाजूस ठेवून, रीतसर परवानगी काढून मुलांना जवळच्या डबराच्या ढिगावर न्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.