होमी म्हणजे गाववाला : अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बोलीचा इतिहास

१/
आजचा धागा एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे. २००९ च्या शरद ऋतूत मी इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठात दाखल झालो. माझे इंग्रजी पूर्णपणे पुस्तकी होते. मित्र जोडायचे तर तिथल्या तरुणांची बोली यायला हवी, असे मनात घेऊन मी चित्रपट आणि रॅप गाणी ऐकून शब्द टिपले होते. त्यासाठी वेगळी वहीच केली होती. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका कृष्णवर्णीय सहाध्यायाला मी मोठ्या ऐटीत हाक मारली, “काय होमी, कसं काय?”

२/
तो थांबला. रागावला नाही, पण हसलाही नाही. शांतपणे म्हणाला, “हा शब्द आम्ही आमच्या गावच्या माणसाला लावतो. तू कुठल्या गावचा?” आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मी “अकोला” एवढेच म्हणालो. त्याने मान डोलावली आणि तो वर्गात गेला. त्या संध्याकाळी मी वही फाडली नाही. ती घेऊन ग्रंथालयात गेलो. प्रत्येक शब्दापुढे मी अर्थ लिहिला होता. तो शब्द कुठून आला, हे एकाही शब्दापुढे लिहिलेले नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शोभणारे नव्हते.

३/
इंग्रजीत या बोलीला ‘स्लँग’ म्हणतात. आपल्याकडे दांडी मारणे, घोकंपट्टी, केटी लागणे हे शब्द जसे वर्गाबाहेर जन्मले, तशीच ही भाषा. कोशकार तिच्याकडे उशिरा वळतात, शिक्षक तिला नावे ठेवतात आणि विद्यार्थी तिच्यावाचून जगू शकत नाहीत. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या या बोलीचा एक जुना आणि महत्त्वाचा संग्रह १८५१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे छापला गेला. संग्राहक होता बेंजामिन होमर हॉल, त्याच वर्षी हार्वर्डमधून पदवी घेतलेला तरुण. महाविद्यालयीन शब्द आणि चालीरीती त्याने अकारविल्हे मांडल्या. १८५६ साली पुस्तकाची वाढवलेली आवृत्तीही निघाली.

४/
हे शब्द समजण्यासाठी तेव्हाचा वर्ग डोळ्यांसमोर आणायला हवा. आजच्यासारखी व्याख्याने तेव्हा थोडी. लॅटिन, ग्रीक आणि गणिताचा नेमून दिलेला भाग विद्यार्थी तयार करून येई. शिक्षक नाव पुकारी. विद्यार्थी उभा राहून तो म्हणून दाखवी किंवा उलगडून सांगे. शिक्षक गुण मांडी. हे रोजचे. भीतीसुद्धा रोजची. ज्या गोष्टीची रोज भीती वाटते, तिला माणूस लवकर टोपणनाव देतो.

५/
येलच्या विद्यार्थ्यांनी या भीतीची प्रतवारीच लावली होती. न अडखळता सगळे म्हणून दाखवले तर ते ‘रश’. अडखळत, चाचरत, अर्धवट उत्तर दिले तर ‘फिझल’. तोंडातून काहीच निघाले नाही तर ‘फ्लंक’. यातला ‘फ्लंक’ आज जगभर परीक्षेत नापास होणे या अर्थाने चालतो. ‘फिझल’ वर्गाबाहेर पडून कुठलाही बेत फुसका ठरण्यासाठी वापरला जाऊ लागला. ‘रश’चा हा अर्थ मात्र गेला. यशाचा शब्द विरला आणि अपयशाचे दोन्ही शब्द टिकले, याची मला आजही गंमत वाटते.

६/
हॉलच्या संग्रहात ‘क्रॅम’ आहे : परीक्षेसाठी डोक्यात कोंबणे. ‘कट’ आहे : प्रार्थनेला किंवा व्याख्यानाला दांडी मारणे. आणि ‘पोनी’ आहे, म्हणजे लहान चणीचे घोडे. हे घोडे म्हणजे लॅटिन-ग्रीक ग्रंथांचे चोरून वापरायचे इंग्रजी भाषांतर. अवघड वाट पायी तुडवण्याऐवजी घोड्यावर बसून पार करायची, अशी त्यामागची कल्पना हॉलनेच सुचवली आहे. आपल्याकडच्या गाईडचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

७/
इथवर वाचताना मला मजा वाटत होती. महाविद्यालयाच्या अधिकृत कागदांत अभ्यासक्रम सापडतो, शिक्षकांची नावे सापडतात, शिस्तीचे नियम सापडतात. विद्यार्थी कशाला घाबरत होते, काय टाळत होते आणि कशी वेळ मारून नेत होते, हे या शब्दांतून कळते. इतिहासाचे साधन म्हणून स्लँगची किंमत इथे आहे. पण साधन हाती आले की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : हे बोलणारे कोण होते? आणि कोणाचे बोलणे या पुस्तकात आलेच नाही?

८/
उत्तर त्याच विद्यापीठात होते. १८५० च्या हिवाळी सत्रात हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेने तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्यांतला एक मार्टिन डिलेनी. फ्रेडरिक डग्लससोबत वृत्तपत्र चालवलेला, गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा विचारवंत. काही गोऱ्या विद्यार्थ्यांनी निषेधाचे ठराव केले आणि सत्र संपताच या तिघांना पुढे येऊ नये असे सांगण्यात आले. ते वर्ष १८५१. हॉलचे पुस्तक निघाले तेच वर्ष. हार्वर्डच्या मुख्य महाविद्यालयातून पहिला कृष्णवर्णीय पदवीधर, रिचर्ड ग्रीनर, बाहेर पडायला १८७० साल उजाडावे लागले.

९/
‘विद्यार्थ्यांची बोली’ म्हणून जी नोंदली गेली, ती मुख्यतः गोऱ्या, मुलग्यांच्या, सुस्थित घरांतल्या विद्यार्थ्यांची बोली होती. त्याच काळी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. त्यांची भाषा शेतात, चर्चमध्ये, गाण्यांत आणि कुजबुजीत वाढत होती. तिचा संग्रह करणारा पदवीधर त्यांच्याकडे नव्हता.

१०/
विसाव्या शतकात चित्र पालटले. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या शहरांत आली. न्यूयॉर्कमधले हार्लेम हे त्यांच्या संगीताचे, साहित्याचे आणि भाषेचे मोठे केंद्र झाले. जॅझ ऐकायला गोरे तरुण येऊ लागले आणि जाताना शब्द घेऊन गेले. १९३८ मध्ये गायक व वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे याने या बोलीचा छोटा कोश काढला आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यांत ‘ग्रूव्ही’ हा शब्द आहे. हाच शब्द १९६० च्या दशकातल्या लांब केसांच्या गोऱ्या विद्यार्थ्यांची खूण म्हणून आज ओळखला जातो.

११/
१९४२ मध्ये झोरा नील हर्स्टन या लेखिकेने हार्लेमच्या बोलीत एक कथा लिहिली आणि तिला शब्दार्थांची यादी जोडली. हर्स्टनची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. १९२५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बार्नर्ड महाविद्यालयात आली तेव्हा तिथे ती एकटीच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होती. मानववंशशास्त्र शिकून ती आपल्याच माणसांच्या गोष्टी आणि शब्द गोळा करायला दक्षिणेत परत गेली. हॉलने आपल्या वर्गमित्रांसाठी जे केले, ते तिने आपल्या लोकांसाठी केले. मधे जवळपास ९० वर्षे गेली होती.

१२/
आता ‘वोक’ पाहा. १९३१ मध्ये अलाबामात नऊ कृष्णवर्णीय किशोरांना बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली पकडले गेले. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९३८ मध्ये लेड बेली या गायकाने त्यावरचे गाणे ध्वनिमुद्रित करताना आपल्या लोकांना सावध केले : तिकडे जाल तेव्हा ‘वोक’ राहा. म्हणजे डोळे उघडे ठेवा, जिवाला धोका आहे. आज अमेरिकी राजकारणात हाच शब्द विरोधकाची टर उडवायला वापरतात, आणि आपल्याकडच्या वादांतही तो त्याच सुरात उतरला आहे. जीव वाचवण्यासाठी घडलेल्या शब्दाचा हा प्रवास आहे.

१३/
१९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या तरुण कृष्णवर्णीय लेखकाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या शब्दप्रवासावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ होता. त्याचे निरीक्षण साधे होते. गोऱ्यांच्या तोंडी एखादा शब्द पोचेपर्यंत कृष्णवर्णीयांनी तो टाकलेला तरी असतो किंवा त्याचा अर्थ बदललेला तरी असतो. आपली म्हणून घडवलेली भाषा सर्वांची झाली की ती आपली राहत नाही. मग नवी घडवावी लागते. केली स्वतः हार्वर्डमध्ये शिकला होता.

१४/
१९७२ पासून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या भाषाअभ्यासक कॉनी एबल आपल्या विद्यार्थ्यांकडून चालू शब्द लिहून घेत आल्या. त्यावर १९९६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. स्लँगचे मुख्य काम माहिती देणे नव्हे, ‘आपण एका गटातले’ हे सांगणे आहे, असा त्यांचा मुद्दा आहे. तो वाचला आणि माझी चूक मला नीट दिसली. मी व्याकरणाची चूक केली नव्हती. ज्या घरात मला कोणी अजून बोलावले नव्हते, तिथे मी चपला काढून थेट माजघरात शिरलो होतो.

१५/
‘होमी’ हा ‘होमबॉय’चा लाडका अवतार. स्थलांतर करून आलेल्या माणसाला परक्या शहरात आपल्या गावचा कोणी भेटला की त्याच्यासाठी हा शब्द. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माल्कम एक्सच्या आत्मचरित्रात एका प्रकरणाचे नावच ते आहे. लॅन्सिंगहून बॉस्टनला आलेल्या या पोराला तिथे शॉर्टी भेटतो. दोघेही लॅन्सिंगचे निघतात आणि शॉर्टी त्याला होमबॉय म्हणतो. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. या शब्दाला मराठीत शब्द आहे. गिरणगावातल्या चाळींनी तो शंभर वर्षे वापरला. गाववाला.

१६/
आणि मला पुण्याचे वसतिगृह आठवले. बारावीनंतर मी तिथे गेलो तेव्हा माझ्या तोंडी वऱ्हाडी होती. पहिल्या दिवशी भोजनगृहात मी म्हणालो, “मले भाजी नको.” टेबलावर हशा पिकला. महिनाभरात मी ‘मला’ म्हणायला शिकलो, ‘काऊन’ सोडून ‘का’ म्हणू लागलो. दुसऱ्या वर्षी गंमत झाली. हसणारी तीच मुले एकमेकांना “काऊन बे?” म्हणू लागली. त्यांच्या तोंडी तो शब्द झोकदार होता. तोच शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर मी पुन्हा खेडवळ ठरलो असतो.

१७/
दोन्ही अनुभव एका मापाचे आहेत असे मी म्हणणार नाही. माझ्या वऱ्हाडीमुळे माझ्या जिवाला कधी धोका झाला नाही. पण शब्द घ्यायचा आणि तो बोलणाऱ्या माणसाला मात्र बाहेर ठेवायचे, ही रीत मी ओळखत होतो. पुण्यात ती माझ्यावर चालली होती. अमेरिकेत मी ती दुसऱ्यावर चालवली होती, तीही मैत्रीच्या नावाखाली.

१८/
आज आपल्या फोनवर येणारे ‘स्ले’, ‘शेड’, ‘टी’ हे शब्द ‘नव्या पिढीची भाषा’ म्हणून खपतात. न्यूयॉर्कच्या ‘बॉलरूम’ वर्तुळात, म्हणजे कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या नृत्य-वेशस्पर्धांत, ते आधीपासून नांदत होते. १९९० च्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटात तीच माणसे ‘शेड’चा अर्थ स्वतः समजावून सांगतात. त्यांतल्या अनेकांना घरच्यांनी बाहेर काढलेले होते. शब्द तेवढे आपल्या घरात आले.

१९/
म्हणून शब्द वापरूच नयेत का? तसे नाही. भाषा उसनवारीवरच जगते. मराठीतून फारसी, पोर्तुगीज आणि कानडी उसने काढले तर उंबऱ्याबाहेर पडणे अवघड होईल. पण उसने घेतलेल्याची नोंद ठेवायची असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर नक्कीच. माझ्या त्या वहीत मी अर्थाशेजारी तिसरा रकाना आखला : ‘गाव’. काही शब्दांपुढे तो आजही कोरा आहे.

२०/
सत्र संपताना मी त्या सहाध्यायाला ‘गाववाला’ शब्द सांगितला. त्याने दोनतीनदा म्हणून पाहिला. ‘ळ’ नाही म्हणून सुटका झाली. मग त्याने आपल्या आजीचे मिसिसिपीतले गाव सांगितले आणि ती शिकागोला कोणत्या साली आली तेही. मी त्याला पुन्हा कधी ‘होमी’ म्हटले नाही. तो मात्र जाताना मला म्हणाला, “भेटू, अकोला.” माझ्या गावाच्या नावाने मला तिथे हाक मारणारा तो पहिलाच.

धागा समाप्त.