अर्धा मिलिमीटर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्या पुतण्याला आजोबांच्या चेतकचं सिलिंडर कानशीनं घासून ती शर्यतीत पळवायची आहे! बजाजनं १९७२ साली आणलेली ही स्कूटर तीर्थरूपांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतली होती.

टू-स्ट्रोकचा कारभार आमच्या बँकेसारखाच, खिडक्यांवर चालतो. झडपा नाहीत, सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या. पिस्टन खाली येताना आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाची. धुराच्या खिडकीची वरची कड अर्धा मिलिमीटर घासली की ती लवकर उघडते. इंजिन भरधाव असताना आणखी जोर धरतं. पण हळू चालताना ओढ कमी पडते. थोडक्यात, सरळ रस्त्यावर एकटा सडपातळ पुतण्या सुसाट, आणि मागे सौ., पुढे गव्हाचं पोतं घेऊन पुलाच्या चढावर आम्ही घामाघूम!

मी म्हटलं, “बाबा रे, खात्यातून काढलेले पैसे परत भरता येतात, घासलेलं लोखंड नाही. आजोबांचं सिलिंडर राहू दे. भंगारातून दुसरं आण, ते हवं तेवढं घास.”

“चालेल काका,” तो म्हणाला, “मग काढा पैसे!”