मालमोटारीचा पाठराखा

लोखंड हा धातू तसा मोठा मानी. घणाचे घाव तो निमूट सोसतो, भट्टीची आच सोसतो. पण ओल्या हवेपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही. आमचे बालपण समुद्रकाठच्या एका कोंकणी घरात गेले. तेथे खिडकीचे गज, विहिरीची कप्पी, दाराची कडी, जे जे म्हणून लोखंडाचे, ते ते दोन-चार पावसाळ्यांत तांबूस पापुद्रे टाकू लागे. शेजारचे मच्छीमार आपल्या होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल पाजून लाकूड राखीत. लोखंडासाठी मात्र त्यांच्यापाशीही औषध नव्हते. पुढे आम्ही कलाशाखेचे पदवीधर झालो, मराठी व इतिहास शिकविण्यासाठी बारडोलीस आलो, आणि गंजाशी असलेला आपला संबंध संपला अशा समजुतीत राहिलो.

बारडोली म्हटले की वाचकांस 1928 चा सत्याग्रह व सरदार वल्लभभाई आठवतील. येथे राहणाऱ्यास मात्र प्रथम ऊस आठवतो. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की खानदेशातून व डांगातून ऊसतोडीची कुटुंबे येऊन उतरतात, आणि सुरत-धुळे रस्त्यावर उसाने लादलेल्या मालमोटारींची रीघ लागते. मोळ्या चहूबाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या असतात की मागचा दिवा शोधावा लागतो. आमचे कितीतरी विद्यार्थी याच रस्त्याने सायकलीवरून ये-जा करतात.

अशाच एका विद्यार्थ्याचे वडील गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमच्याकडे आले. मूळचे नंदुरबारकडचे, स्वतःची एक जुनी मालमोटार, आणि नुकतीच घेतलेली एक धिप्पाड जीपगाडी. “सर, जीपला पुढून स्टीलचा गार्ड टाकायचा आहे, झगझगीत. पोरगा म्हणतो, आधी सरांना विचारा.” मुलाने विज्ञानाच्या शिक्षकांना सोडून आमचे नाव का घेतले असावे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. पण विद्यार्थ्याच्या वडिलांना ‘आम्ही फक्त मराठी शिकवितो’ असे सांगून परत पाठविणे बरे दिसेना. आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली, आणि रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

तेथे आम्ही जे शिकलो ते मोठे मौजेचे आहे. साधे लोखंड, म्हणजे कारागीर ज्याला ‘एम. एस.’ म्हणतात ते, स्वस्त, चिवट आणि सहज सांधता येणारे. वाकले तर पुन्हा सरळ करता येते. त्याचा दोष एकच, गंज. ॲल्युमिनियम वजनाला त्याच्या एकतृतीयांश, पण ताठपणाही एकतृतीयांशच. म्हणून तेवढेच काम हवे तर जाडी वाढवावी लागते. शिवाय ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना भिडवून ओल्या हवेत ठेवले की दोघांत विद्युत्-रासायनिक कलह सुरू होतो व ॲल्युमिनियम झिजू लागते. मध्ये रबराचा तुकडा घालावा, असे कारागिराने सांगितले.

स्टेनलेसची कथा तर फसवणुकीची. ‘304’ जातीच्या पोलादात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा धातूवर तयार होतो व ओरखडा पडला तरी आपोआप भरून येतो. पण बाजारात ‘202’ नावाचे स्वस्त भावंडही असते. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढविलेले. दुकानदार मोठ्या विश्वासाने लोहचुंबक लावून दाखवितो, ‘पाहा, चिकटत नाही, अस्सल आहे!’ वास्तविक चुंबक त्या दोघांनाही चिकटत नाही. फरक कळतो तो पावसाळ्यानंतर, तपकिरी ठिपके दिसू लागले म्हणजे. लिहिलेले बिल मागावे, हाच खरा चुंबक.

राहिला मुलामा. भट्टीत सुमारे 180 ते 200 अंशांवर भाजलेले पावडर कोटिंग देखणे असते. त्यात एपॉक्सी जातीचे उन्हात खडूसारखे भुरभुरते, म्हणून बाहेरच्या कामाला पॉलिएस्टरचे घ्यावे. पण खडा लागून टवका उडाला की ओल आत शिरते आणि रंगाखालून गंज पसरत जातो. याला उत्तर जस्ताचे. सुमारे 450 अंशांवर वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढले, तर ओरखड्याच्या जागी जस्त आधी स्वतः झिजते व लोखंडास वाचविते. मात्र वेल्डिंग आधी आणि जस्त नंतर, हा क्रम मोडू नये. जस्त जळताना निघणारा धूर कारागिरास ताप आणतो. आणि पोकळ पाइपास दोन्ही टोकांना भोके ठेवावीत, नाहीतर आत कोंडलेली हवा व वाफ त्या कढईत स्फोट करते.

एवढे ज्ञान घेऊन आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो, आणि पहिलीच गोष्ट त्यांना नको असलेली सांगावी लागली. मोटारीच्या पुढे लावलेल्या अशा गार्डांवर कारवाई करावी, असे केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये सर्व राज्यांना कळविले आहे; 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा त्यास आधार आहे. कारणही रास्त आहे. गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का पिऊन टाकण्यासाठीच बनविलेला असतो. गार्ड तो धक्का थेट सांगाड्यात नेतो, हवेच्या पिशव्यांच्या संवेदकांस गोंधळवितो, आणि समोर येणाऱ्या पादचाऱ्यास तर तो लोखंडी ठोसाच होतो.

गृहस्थ हिरमुसले. “मग पैसे वाचले म्हणायचे,” ते म्हणाले. मुलगा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “बाबा, ट्रकच्या मागे काहीच नाही.”

खरेच काही नव्हते. मागची आडवी तुळई कधीची वाकून, गंजून लोंबत होती. मागून येणारी दुचाकी वा छोटी मोटार मालमोटारीखाली घुसू नये म्हणून ही तुळई असते. तिच्यासाठी भारतीय मानक 14812 आहे, आणि बाजूच्या संरक्षक पट्ट्यांसाठी 14682. अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या मालमोटारीखाली सायकलस्वार जातो, तेव्हा त्याच्या डोक्याच्या उंचीवर असते ती नुसती फळी. आम्ही हे बोललो नाही. वडील मुलाकडे पाहत राहिले, त्यावरून बोलण्याची गरज नव्हती.

जीपच्या झगमगाटासाठी ठेवलेले पैसे मालमोटारीकडे वळले. स्टेनलेस नको, जाड एम. एस. चा मानकाबरहुकूम मागचा गार्ड, दोन्ही बाजूंना पट्ट्या, वेल्डिंग झाल्यावर जस्ताचा मुलामा, नटबोल्टही जस्ताचेच. वर उसाचा आंबट रस ओघळतो, म्हणून आठवड्याला पाण्याने धुणे. मागे लाल, बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी. गृहस्थांनी मधोमध लिंबू-मिरची बांधली. तिला मानकात आक्षेप नसावा.

हंगामात ती मालमोटार शाळेवरून जाते तेव्हा मुलगा वर्गातून ओळखतो. रविवारी ओल्या फडक्याने लाल पट्टी पुसण्याचे काम त्याच्याकडे आहे. जस्ताचा करडा रंग वडिलांना अजून पसंत नाही. त्यावर निळा रंग दिला तर चालेल काय, हे विचारायला ते परवा पुन्हा येऊन गेले. आधी जस्ताला धरणारा प्रायमर लावावा लागेल, असे आम्ही सांगितले, आणि तो कोणता, हे विचारायला वेल्डिंगवाल्याकडे निघालो.